मशीन चालू झाल्यापासून एकवीस दिवस

येडशी
रविवार, ५ जानेवारी २०२५

पतसंस्थेची डायरी दरसाल घरात येती आन् दरसाल कोरीच म्हातारी होती. यंदा म्या ठरवलं, हिला कामाला लावायची. ह्या घरात सकाळी बोललेलं दुपारी कुणी कबूल करत न्हाय. लेक म्हणतो, मी तसं म्हणलोच न्हाय. नातू म्हणतो, आज्जे, तुला ऐकू कमी येतंय. माझे कान ठणठणीत हाईत, अक्षराची तेवढी वळख न्हाय. आकडे मला बाजारानं शिकवले, अक्षरं शिकवायला कुणाला सवड झाली न्हाय. म्हणून मी सांगणार आन् माझी सून राजेश्वरी लिहिणार. ती बारावी शिकलेली हाय. तिला दोन गोष्टी बजावल्यात. मी म्हणीन तसंच लिहायचं, सुधारायचं न्हाय. आन् एकदा लिहिलेलं पान फाडायचं न्हाय, मग त्यात कुणाचीबी अब्रू जावो.

राजेश्वरीनं विचारलं, "माझीबी, आत्या?"

म्या म्हणलं, तुझी आधी.

तर आज घरी मशीन आली. मशीन म्हणजे गेम खेळायचा कंप्युटर. माझा नातू कुलदीप तेवीस वर्षांचा. दोन वर्षं नळदुर्गला हायवेच्या पेट्रोल पंपावर उभा राहिला, ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, आन् त्या कमाईतनं सोलापुरातनं हे घेऊन आला. काचेची पेटी. आत पंखे फिरतात आन् लाल-निळे दिवे लागतात, उरसातल्या पाळण्यागत. एवढ्यात लग्न झालं असतं असं म्या म्हणलं. तर म्हणतो, "आज्जे, बायकोला वॉरंटी नसती." म्या म्हणलं, नवऱ्यालाबी नसती रे, म्या बेचाळीस वर्षं चालवला.

पुढच्या खोलीत भिंतीत कपाट हाय, त्याच्या खालच्या खणात पेटी बसवली, तोंड पूर्वेला. पूजा झाल्यावर जागची हलवायची न्हाय असं म्या सांगून ठेवलं. नव्या वस्तूचं प्लास्टिकबी आमच्यात काढत न्हाईत. फ्रिजला सात वर्षं झाली, दांडीवरचं प्लास्टिक अजून हाय. ट्रॅक्टरच्या सीटवर माझा लेक बलभीम प्लास्टिकवरच बसतो, उन्हाळ्यात भाजतो पण बसतो. मशीनच्या पाठीला खालच्या अंगाला तीन भोकं, त्यांच्या तोंडावर काळ्या रबरी टोप्या. सोलापूरच्या दुकानदारानं मशीन चालवून दाखवली आन् टोप्या परत नीट बसवून दिल्या, गुणी माणूस. कुलदीप तिकडं परंड्याच्या कृष्णराजला फोनवर मशीनचं तोंड दाखवण्यात गुंग. बलभीम पडद्याची वायर हातात धरून उभा. म्हणला, "आये, ह्यातली एक टोपी काढू का?" म्या म्हणलं, खबरदार. वर एक भोक उघडं हाय की, त्यात घाल. त्यानं घातली. वीस वर्षं बोअरच्या मोटारी जोडतोय, त्याला काय अवघड. चित्र आलं. नारळ फोडला.

खोबरं तोंडात असतानाच बलभीमनं पोराला सांगितलं, "मशीन चालू झाल्यापासून एकवीस दिवस. त्यात काय दिवे लावायचे ते लाव. न्हाय जमलं तर मशीन विकायची आन् मामाकडं चाकणला कंपनीत जायचं."

एकवीस कशाला, तर सव्वीस तारखेला ह्यांचा मोठा सामना हाय. चौघांची एक टोळी, अशा चाळीस टोळ्या, सगळ्यांनी आपापल्या घरात बसून एकमेकांना गोळ्या घालायच्या. पहिल्या चार टोळ्या पुण्याला जाणार आन् पुढं पगारावर खेळणार. गोळ्या घालायचा पगार मिलिटरी देती एवढं मला ठाऊक होतं. कुलदीपच्या टोळीत कृष्णराज म्होरक्या आन् दोघं सोलापूरचे.

कुलदीप "व्हय आप्पा" म्हणला. राजेश्वरी गप्प. म्या म्हणलं, गप्प बसू नको, लिहून घे, शब्द न् शब्द. मला काय, गेला तर एक ताट कमी पडंल घासायला.

सोमवार, ६ जानेवारी

मशीन अडकती.

कुलदीपनं मला समजावलं ते असं. पडद्यावर माणूस पळतो ते खोटं. एका सेकंदात शंभराच्या वर चित्रं बदलतात, म्हणून आपल्याला तो पळतोय असं वाटतं. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा आकडा असतो, किती चित्रं बदलली त्याचा. चित्राला ही पोरं फ्रेम म्हणतात. सोलापूरच्या दुकानात एकशे चाळीस होता. आमच्या घरी सतरा.

सतरावर काय होतं ते मी दारात बसून बघितलं. कुलदीपचा गडी पळता पळता मधीच उभा राहतो, ग्रामसभेत प्रश्न विचारल्यावर सरपंच राहतो तसा. तवर समोरचा येतो, गोळी घालतो, ह्याच्या खिशातलं सामान काढून घेतो आन् निघून जातो. मग आमचा गडी बंदूक उचलतो.

म्या म्हणलं, गडी तुझ्यावरच गेलाय.

बुधवार, ८ जानेवारी

अडकणं दोन तऱ्हेचं असतं म्हणे. एक वायरीतनं येणाऱ्या नेटचं, दुसरं मशीनचं स्वतःचं. कुलदीपनं आधी नेट धरलं, कारण नेटमधी दोष निघाला तर तो दुसऱ्याचा असतो.

नेटची वायर खांबावरनं आमच्या पत्र्यावर येती, आन् तिच्यावर रामलिंगची माकडं झोके घेतात. देवळाला येणारी माणसं त्यांना शेंगदाणे घालतात, म्हणून त्यांना वाटतं सगळं आपल्यासाठीच टांगलंय. कुलदीप काठी घेऊन पत्र्यावर चढला. एक हुप्प्या जागचा हलला न्हाय. दोघं बराच वेळ एकमेकांकडं बघत बसले. मी खालनं विचारलं, दोघांतला कोण खाली येणार, त्याप्रमाणं चहा टाकते.

वायरमन येऊन वायर ताणून गेला. नेट चांगलं हाय म्हणला. आकडा सतरा.

माकडं सुटली, आता दुसऱ्या कुणाला तरी धरावं लागंल.

शुक्रवार, १० जानेवारी

आता म्हणतो मशीन तापती.

बाहेर अशी थंडी की मी दोन स्वेटर घालून सांगते आन् राजेश्वरीच्या बोटांनी पेन धरवत न्हाय. ह्यानं पेटीची काच काढली आन् टेबल फॅन लावला तिच्यावर. स्वतः घोंगडं पांघरून खुर्चीत. शेजारची हरणाबाई विरजण मागायला आली, दारातच थबकली.

"लक्ष्मे, मशीनला ताप आलाय का गं?"

म्या म्हणलं, मशीनला न्हाय, नातवाला आलाय, मशीनला नुसता वारा.

"मग अंगारा लावायचा."

"लावला हाय. कुलदीप पुसतो."

दुपारी त्याला वाटलं की बोअरची मोटार चालू असली म्हणजे करंट कमी पडतो. बापाला म्हणला, "आप्पा, दोन तास मोटार बंद ठेवा." बलभीमनं हरभऱ्याचं पाणी थांबवलं. तोंडानं काय बोलला ते राजेश्वरी लिहीत न्हाय. मी म्हणलं लिही, तर म्हणती नवऱ्याचं हाय, राहू द्या.

आकडा अठरा झाला. एक वाढला म्हणून राजेश्वरीनं देवापुढं साखर ठेवली. मुंग्या आल्या.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आज कृष्णराजनं फोनवरनं कुलदीपला सगळ्या घरासमोर सोलला.

खेळताना फोन स्पीकरवर असतो. कृष्णराज ओरडतो ते ओट्यावर ऐकू येतं. "कुलदीपराव, तुम्ही आमच्याकडनं खेळताय का त्यांच्याकडनं? दार उघडं ठेवून उभा राहिलायस. तुला गोळी लागली ते तुला उद्याच्या पेपरात कळणार का?"

कुलदीप म्हणतो, "भाऊ, फ्रेम येईनात."

"मग पंपावर जा, तिथं मीटर तरी पळतं."

माझ्या ताटलीत तिळगूळ होता. मी उठले आन् फोनला म्हणलं, कृष्णराज, परंड्यात आज संक्रांत न्हाय का रे? तर एकदम गरीब आवाजात, "आज्जी, नमस्कार. तसं न्हाय आज्जी. पण बावीस तारखेला नावं पक्की करायचीत. तवर त्याची मशीन नीट न्हाय झाली तर मला बार्शीचा पोरगा घ्यावा लागंल."

म्या म्हणलं, घे की. बार्शीचा घे, वाशीचा घे. आमच्या पोराला काय टोळ्यांची कमी न्हाय.

फोन ठेवल्यावर कुलदीप माझ्याकडं बघून म्हणला, "आज्जे, असं कशाला बोलायचं." त्यानं तिळगूळ घेतला न्हाय. वडी वाळली असंल, म्हणून घेतला नसंल.

शुक्रवार, १७ जानेवारी

धाराशिववरनं धनाजी नावाचा मशीनचा डॉक्टर आला. पाठीला बॅग, कानावर पेन. आधी मशीनला ब्रश मारला, मग आतले सगळे प्रोग्राम पुसून नव्यानं भरले. आकडा सतरा. मग आतल्या एक-एक वस्तूला बोट लावून सांगितलं, हे चांगलं, हे चांगलं, हे तर लई चांगलं. पंख्यांचं एक जाडजूड कार्ड हाय, चित्रं काढायचं सगळं काम ते करतं. सगळ्यात महाग तेच. "कार्ड लागलंय, पंखे फिरतात, मशीनला कार्ड दिसतंय," असं तीनदा म्हणला. मग म्हणला, पेटी ओढून मागून बघू.

म्या म्हणलं, ओढायची न्हाय. बसवलेली हाय, तोंड पूर्वेला हाय.

"आज्जी, दोन मिनिटं. परत पूर्वेलाच ठेवतो."

म्या म्हणलं, तुझ्या आजीला असं दोन मिनिटं उठवशील का पाटावरनं?

राजेश्वरी मधी बोलली, "आत्या, बघू द्या की त्यांना." तिला म्या डोळ्यानंच गप केलं. डॉक्टर चांगला असंल तर त्याला पुढनं कळतं. धनाजीनं समोरनंच टॉर्च मारली, मान वाकडी केली, आन् निदान सांगितलं: गेमच जड हाय, हलका गेम खेळा.

तीन भाकरी, वांग्याचं भरीत आन् दही खाऊन गेला. गेम जड वाटला, जेवण न्हाय.

रविवार, १९ जानेवारी

चाकणहून राजेश्वरीच्या भावाचा फोन आला. कंपनीत माणसं घ्यायलेत, मंगळवारी सकाळी पोरगं गेटवर पाहिजे. बलभीमनं फोन ठेवला आन् म्हणला, "उद्या दुपारच्या गाडीनं निघायचं. उद्या पंधरा दिवस भरतात."

कुलदीप म्हणला, "आप्पा, तुम्ही एकवीस म्हणला होता."

"पंधरा म्हणलो."

"एकवीस."

"मला तू शिकवतो का? मी पंधराच म्हणलो."

हेच ते. ह्याच्यासाठीच म्या डायरी धरली. पण आज म्या तोंड उघडलं न्हाय. आधी दोघांना पोटभर बोलू दिलं, म्हणजे उद्या माघारी फिरायला जागा राहत न्हाय.

कुलदीपनं पंपावरचा निळा शर्ट काढला आन् घडी घालून पिशवीत ठेवला. चाकणला तो कशाला लागणार कुणास ठाऊक. राजेश्वरी आत्ता लिहिताना पानावर पाणी सांडती. मी तिला म्हणलं, पान खराब होतंय, डोळे पुसून ये. आली पुसून, आन् परत सांडती.

मला त्याचं काय न्हाय. पोरं जातात. म्या शेंगाची पोळी केली होती, कुलदीपनं अर्धीच खाल्ली. उरलेली म्या खाल्ली, पण ती गोड लागंना. यंदाचा गूळ हलका निघाला.

सोमवार, २० जानेवारी

आज दोनदा लिहायचं हाय. हे दुपारचं.

जेवणं झाली. बलभीम पान लावत होता, कुलदीप पिशवीशी बसला होता. म्या राजेश्वरीला म्हणलं, डायरी आण. पहिलं पान काढ. पहिल्या अक्षरापासनं वाच, काय गाळू नको.

तिनं वाचलं. माझं बेचाळीस वर्षांचं वाचलं तवा बलभीम हसला. पुढं फ्रिज आला, सीटवर भाजायचं आलं, तवा हसायचा थांबला. टोप्या आल्या, वायर आली, नारळ फुटला. मग राजेश्वरीनं आवाज चढवून वाचलं, "मशीन चालू झाल्यापासून एकवीस दिवस." चढवायची गरज नव्हती, पण तिला गेली वीस-पंचवीस वर्षं अशी संधी मिळाली नव्हती.

बलभीम म्हणला, "हे खरं कशावरनं? तुम्ही दोघींनी काल बसून लिहिलं असंल."

म्या म्हणलं, आम्ही दोघी एका मतानं काय करू असं तुला वाटतं का?

त्याला ते पटलं. पान तोंडात टाकलं आन् म्हणला, "सव्वीसपर्यंत. पुढं एक दिस न्हाय." चाकणला फोन करून पुढच्या खेपेला पाठवतो म्हणला, आन् हरभऱ्याकडं गेला.

मी जिंकले. पण कुलदीप बापाकडं बघतच नव्हता. तो राजेश्वरीच्या हातातल्या डायरीकडं बघत होता. म्हणला, "आई, ते टोप्यांचं परत वाच."

त्याच दिवशी, चहाच्या वेळी

तिनं परत वाचलं. कुलदीप उठला, पुढच्या खोलीत गेला आन् दोन्ही हातांनी पेटी ओढून बाहेर काढली. मी म्हणलं, अरे पूर्वेला. तो म्हणला, "आज्जे, पूर्व राहू दे जरा." असं तो माझ्याशी कधी बोलत न्हाय.

मागं वाकला. खालच्या तीन टोप्या नखानं काढल्या. वरची वायर ओढली आन् खालच्या भोकात घातली. पडदा लागला. आकडा बघायला म्या चष्मा मागितला न्हाय, दारातनंच दिसला. एकशे एकेचाळीस.

मग त्यानं मला सांगितलं, राग न करता सांगितलं. ते महागाचं कार्ड, चित्रं काढणारं, त्याचं तोंड खालच्या भोकांत हाय. पडद्याची वायर त्यात पाहिजे होती. आपण वरच्या भोकात घातली, ते मशीनचं साधं, चिठ्ठ्या-पत्र्या लिहायचं. पंधरा दिवस कार्ड आत नुसतं पंखे फिरवीत बसलं आन् साध्यानं ओढलं. म्हणजे नवी बोअर पाडायची, तिच्यावर झाकण घालायचं आन् घागरीनं जुन्या आडाचं पाणी काढायचं. एवढं कळायला धाराशिवचा डॉक्टर लागत न्हाय. त्याला पेटी ओढू दिली असती तर त्यालाबी कळलं असतं.

कुलदीपनं तिन्ही टोप्या माझ्या हातात ठेवल्या. "ठेव तुझ्याकडं. नव्याच्या नव्या हाईत."

राजेश्वरीला म्या म्हणलं, पहिलं पान फाड.

ती म्हणाली, "आत्या, पान फाडायचं न्हाय असं तुम्हीच..."

म्या म्हणलं, मी सांगते ना. चुलीत घाल. बलभीमचे एकवीस दिवस आता सगळ्यांनी ऐकलेत, पान ठेवायची गरज न्हाय. ती "बरं" म्हणाली आन् डायरी घेऊन आत गेली. हे ती माघारी येऊन लिहायली.

बुधवार, २२ जानेवारी

मशीन पळती. गडी असा पळतो की मला बघूनच धाप लागती. कृष्णराजनं नाव कायम ठेवलं. कुलदीपला म्हणला, "काय केलंस रे?" कुलदीप म्हणला, "एक सेटिंग होती." बापानं विचारलं, बापालाबी तेच. एक सेटिंग होती.

मी वाट बघते की कुणीतरी मला एक शब्द बोलंल. हरणाबाई तरी. तिला ठाऊकच न्हाय, म्हणजे कुणी सांगितलंच न्हाय. नातवानं माझ्यावर पांघरूण घातलंय. ह्या घरात सगळ्यांच्या चुका मी मोठ्यानं सांगितल्या, आन् माझी पहिली चूक ह्यानं दाबून टाकली. असा अपमान माझा सासूनंबी केला न्हाय.

टोप्या कनवटीला हाईत. बसलं की टोचतात.

रविवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडा झाला, पोरं जिलेबी खात घरी गेली, आन् अकरा वाजता सामना चालू झाला. मी दारात, राजेश्वरी माझ्यामागं उभी. बलभीम ओट्यावर बसून आत बघत नव्हता, पण पान चघळायचा थांबला होता.

पाच डाव होते. मला आता यातलं कळतं. पहिल्या डावात आमची टोळी सहावी. दुसऱ्यात तिसरी. तिसऱ्यात कुलदीप भिंतीआडनं असा निघाला आन् गोळी समोरचा येण्याआधीच उडाली. समोरच्यानं आवाज ऐकला आन् ह्याला आडवा केला. चौथ्यात परत तेच. माणूस यायचा हाय, ह्याची गोळी आधीच गेलेली. पाचव्यात कृष्णराज एकटाच शेवटपर्यंत राहिला, आन् तोबी गेला.

सातवा नंबर. पुण्याला चार.

म्या वाट बघितली कृष्णराज ओरडंल म्हणून. ओरडला न्हाय. म्हणला, "कुल्या, तुझा हात अजून सतरावरच हाय." मग कुलदीपनं मला सांगितलं काय ते. पंधरा दिवस अडकणाऱ्या मशीनवर खेळून त्याला गोळी आधीच सोडायची सवय लागली. मशीन उशीर करणार हे धरूनच बोट चालायचं. आता मशीन उशीर करत न्हाय, पण बोटाला अजून ते कळलं न्हाय.

खरं का खोटं देवाला ठाऊक. कदाचित पोराला खेळताच येत नसंल, आन् मशीनचं निमित्त गेल्यावर आता बोटाला नावं ठेवतोय. मी लिहायला सांगते कारण दोन्हींची शक्यता हाय.

बलभीम आत आला. मशीनकडं बघितलं, पोराकडं बघितलं. "झाले एकवीस," म्हणला. कुलदीप म्हणला, "व्हय आप्पा." निळ्या शर्टाची पिशवी अजून तशीच बांधलेली होती, ती त्यानं उचलून दाराशी ठेवली.

त्यानं बापाला एकदाच सांगायला पाहिजे होतं, की चूक आज्जीची होती. एवढं सांगितलं असतं तर भांडता आलं असतं. सांगितलं न्हाय.

सोमवार, २७ जानेवारी

सकाळी उठले आन् राजेश्वरीला म्हणलं, ते पहिलं पान फाडलंस का?

ती पीठ मळत होती. मान वर केली न्हाय. म्हणाली, "न्हाय फाडलं, आत्या."

"मी फाड म्हणलं होतं."

"व्हय."

"मग?"

"मला वाटलं, लागंल."

ह्या घरात येऊन तिला चोवीस वर्षं झाली. माझं एवढं मोठं सांगणं तिनं पहिल्यांदाच मोडलं. म्या म्हणलं, हात धू आन् डायरी घेऊन बाहेर ये.

बलभीम बसस्टँडवर जायला गाडी काढत होता, कुलदीप मागं बसायला उभा. म्या म्हणलं, गाडी बंद कर, कोर्ट बसलंय. "आये, बस चुकंल." म्या म्हणलं, चुकू दे, तिला सवय हाय.

पहिलं पान वाचायला लावलं. मग कनवटीच्या टोप्या काढून ओट्यावर मांडल्या, एक, दोन, तीन. बलभीमला म्हणलं, नीट ऐक. तू म्हणलास मशीन चालू झाल्यापासून एकवीस दिवस. मशीन पाच तारखेला चालू झालीच न्हाय. तू वायर भलत्या भोकात घातलीस आन् ती म्या घालायला लावली. टोप्या काढायच्या न्हाईत हे म्या सांगितलं, पेटी ओढायची न्हाय हेबी म्या सांगितलं. पोराला कळलं तवा त्यानं सेटिंगचं नाव सांगितलं. मशीन चालू झाली वीस तारखेला, चहाच्या वेळी. तिथनं एकवीस मोज.

बलभीमनं बोटांवर मोजलं. "दहा फेब्रुवारी."

"नऊला पुढचा सामना हाय," कुलदीप एकदम बोलला. मग मान खाली घातली, जसं काय त्याला तारीख ठाऊकच नव्हती.

बलभीमनं एक टोपी उचलून उलटी-सुलटी करून बघितली. म्हणला, "आये, तू चूक कबूल करतीस?"

म्या म्हणलं, तोंडानं न्हाय. तोंडाचं ह्या घरात कुणी धरत न्हाय. म्हणून राजेश्वरीला म्हणलं लिही: टोप्या आन् पेटी, दोन्ही माझ्या हट्टानं राहिल्या, पोराचे पंधरा दिवस माझ्यामुळं गेले, वायर बलभीमनं घातली. लक्ष्मीबाई. खाली तिनं पेनाची शाई माझ्या अंगठ्याला चोळली आन् म्या पानावर दाबला.

बलभीमनं डायरी हातात घेतली. अक्षर न् अक्षर वाचलं, ओठ हलवून. मला वाटलं आता म्हणतोय, हे मी मानत न्हाय. तर म्हणला, "अंगठा पुसट आलाय. परत दाब."

म्या परत दाबला. त्यानं शेजारी सही केली आन् गाडीची चावी खुंटीला अडकवली.

कुलदीप पिशवी घेऊन आत गेला. आता तो खेळतोय, बोटाला उशीर शिकवतोय. मधून मधून कृष्णराज ओरडतो ते ऐकू येतंय, म्हणजे अजून शिकलं न्हाय. नऊ तारखेलाबी सातवाच आला तर मला नवल वाटणार न्हाय, आन् तवा मशीनचंबी नाव सांगायचं न्हाय आन् माझंबी. हे त्याला आजच सांगून ठेवलं.

राजेश्वरी विचारती, आता फ्रिजच्या दांडीचं प्लास्टिक काढू का?

काढायचं न्हाय. फ्रिज चांगला चालतोय.